लिनक्स सर्व्हरवर कायमचा स्टॅटिक रूट: आधी तात्पुरता टाका, मग फाईलमध्ये लिहा, मग रीबूट करून बघा

नवीन सर्व्हर लावला, त्याला दोन नेटवर्क कार्डं दिली, एक इंटरनेटकडे आणि एक ऑफिसच्या आतल्या नेटवर्ककडे. इंटरनेट चालू, शेजारच्या मशीनवरून पिंग मिळतंय, सगळं छान. आणि मग ब्रँच ऑफिसातून फोन येतो की आमच्याकडून सर्व्हर उघडतच नाहीये. कोणीतरी नेटवर शोधून एक ओळीची कमांड मारतं, लगेच चालू होतं, सगळे खूश होऊन चहाला जातात. मग कधीतरी कर्नल अपडेट येतं, रात्री सर्व्हर रीबूट होतो आणि सकाळी ब्रँचचा परत तोच फोन, आणि तोपर्यंत ती कमांड कोणी मारली होती, काय मारली होती हे कोणाच्याच लक्षात नसतं.

हा लेख याच गोष्टीसाठी आहे, ज्यांनी आत्ता आत्ता लिनक्स सर्व्हर सांभाळायला घेतलाय त्यांच्यासाठी. रूट म्हणजे कोणत्या नेटवर्ककडे कोणत्या रस्त्याने जायचं याची नोंद. ती टाकणं अवघड नाहीये, तो रूट रीबूटनंतर टिकवणं पण अवघड नाहीये, फक्त क्रम पाळायचा. आधी तात्पुरता टाकून तपासायचा, मग कॉन्फिग फाईलमध्ये लिहायचा, मग स्वतःच्या हाताने रीबूट करून खात्री करायची. बहुतेक जण पहिल्या पायरीवर थांबतात किंवा डायरेक्ट दुसऱ्या पायरीवर उडी मारतात, आणि लांबच्या सर्व्हरवर एसएसएच तुटलं की मग डेटा सेंटरला गाडी काढून जावं लागतं.

एक सांगून ठेवतो. कमांड आणि फाईलमधल्या ओळी मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरात आणि इंग्रजी आकड्यात टाईप करायच्या, छोटी लिपी कुठे आणि कॅपिटल कुठे ते त्या त्या जागी सांगेन. आणि रूट बदलायच्या सगळ्या कमांड रूट युजरने (हा रूट म्हणजे मशीनचा ॲडमिन, रस्ता नव्हे) किंवा पुढे सुडो लावून चालवायच्या.

आपलं उदाहरण

पूर्ण लेखभर एकच उदाहरण धरू म्हणजे गोंधळ नको. सर्व्हरला दोन इंटरफेस आहेत, ईएनएस१६० आणि ईएनएस१९२, व्हीएमवेअरच्या मशीनवर बहुधा हीच नावं दिसतात, तुमच्याकडे वेगळी असतील तर तुमची वापरा. ईएनएस१६० वर पब्लिक ॲड्रेस २०३.०.११३.१०/२४, त्याचा गेटवे २०३.०.११३.१. ईएनएस१९२ वर आतला ॲड्रेस १९२.१६८.१०.२५/२४. आतल्या नेटवर्कमध्ये एक राउटर आहे १९२.१६८.१०.२५४, आणि त्याच्या पलीकडे ब्रँचचं नेटवर्क १०.२०.०.०/१६. आपल्याला सर्व्हरला एवढंच शिकवायचंय की १०.२० वाल्याकडे जायचं असेल तर १९२.१६८.१०.२५४ ला पॅकेट दे, इंटरनेटच्या गेटवेला देऊ नकोस.

आता मुळात हे का बिघडतं ते समजून घ्या, कारण हे कळलं की अर्धं काम झालं. ब्रँचमधल्या १०.२०.५.७ या मशीनने १९२.१६८.१०.२५ ला पिंग केलं, पॅकेट राउटरमार्गे व्यवस्थित सर्व्हरपर्यंत आलं. सर्व्हर उत्तर द्यायला बसला, त्याने आपल्या राउटिंग टेबलमध्ये बघितलं की १०.२०.५.७ कुठे आहे, काहीच नोंद नाही, मग त्याने ते डिफॉल्ट गेटवेकडे म्हणजे इंटरनेटच्या बाजूला ढकललं. तिकडे १० ने सुरू होणारे ॲड्रेस प्रायव्हेट, ते इंटरनेटवर कुठेच जात नाहीत, पॅकेट संपलं. म्हणजे येणं बरोबर होतं, जाणं चुकलं. नवीन लोक इथे फायरवॉल तपासत बसतात, तासन्‌तास जातात त्यात.

पहिलं काम: आत्ता काय आहे ते बघा

काहीही बदलायच्या आधी या तीन कमांड मारा आणि आउटपुट कुठेतरी कॉपी करून ठेवा, नंतर परत जायची वेळ आली तर हेच कामाला येतं.

आयपी -बीआर ॲडर
आयपी रूट शो
आयपी रूट गेट १०.२०.५.७

पहिलीत कोणत्या इंटरफेसवर कोणता ॲड्रेस आहे ते एकेका ओळीत दिसतं. दुसरीत राउटिंग टेबल. जुन्या पुस्तकात आणि जुन्या ॲडमिनच्या हाताला रूट -एन ही कमांड असते, ती नेट-टूल्स पॅकेजमधली आहे, आजकाल बऱ्याच सर्व्हरवर ती इन्स्टॉलच नसते आणि ती पूर्ण चित्र दाखवत पण नाही, त्यामुळे आयपी कमांडचीच सवय करा.

तिसरी कमांड माझी सगळ्यात आवडती आणि नवीन लोकांना ती कोणी सांगतच नाही. टेबल वाचून तुम्ही डोक्याने अंदाज लावण्यापेक्षा कर्नललाच विचारा की या ॲड्रेसकडे तू कसा जाशील. ते उत्तर देतं की व्हाया २०३.०.११३.१, डेव्ह ईएनएस१६०, सोर्स २०३.०.११३.१०. म्हणजे पॅकेट चुकीच्या दारातून बाहेर पडतंय हे एका ओळीत सिद्ध. रूट टाकल्यावर हीच कमांड परत मारायची आणि ईएनएस१९२ दिसलं पाहिजे.

टेबल वाचताना दोन नियम लक्षात ठेवा. एक म्हणजे ज्या नोंदीचा प्रीफिक्स, म्हणजे तिरक्या रेषेनंतरचा आकडा, जास्त लांब ती जिंकते, म्हणजे /२४ असेल तर /१६ च्या आधी तीच धरली जाते आणि डिफॉल्ट म्हणजे /० सगळ्यात शेवटी. दुसरं म्हणजे प्रीफिक्स अगदी सारखाच असेल तर ज्याचा मेट्रिक, म्हणजे पसंतीक्रमाचा आकडा, लहान तो जिंकतो. आधी प्रीफिक्स, मग मेट्रिक, हा क्रम उलटा करू नका. खूप जण मेट्रिक १ करून बसतात आणि विचारतात की तरी का नाही चालत, तर तिथे दुसरा कुठलातरी जास्त लांब प्रीफिक्सचा रूट आधीच बसलेला असतो.

दुसरं काम: तात्पुरता रूट, आणि त्याच्या आधी सुटकेची सोय

लांबच्या सर्व्हरवर काम करताय, हातात फक्त एसएसएच आहे, तर सगळ्यात आधी हे:

शटडाऊन -आर +१०

म्हणजे १० मिनिटांनी सर्व्हर आपोआप रीबूट होईल. ऐकायला भीतीदायक वाटतं पण विचार करा, कमांडने टाकलेला रूट फक्त कर्नलच्या मेमरीत असतो, रीबूट झाला की गेला. म्हणजे तुमचं काही चुकलं, एसएसएच तुटलं, तर १० मिनिटं थांबायचं, सर्व्हर जुन्या स्थितीत परत वर येतो. रूट टिकत नाही ही ज्याची आपण तक्रार करतो तीच गोष्ट इथे आपल्याला वाचवते. सगळं नीट चाललं तर शटडाऊन -सी मारून ते रीबूट रद्द करायचं, हे मात्र विसरू नका. अर्थात प्रॉडक्शन सर्व्हर असेल, त्यावर डेटाबेस चालू असेल तर असा रीबूट परवडणार नाही, तिथे कन्सोल ॲक्सेस, म्हणजे सर्व्हरचं नेटवर्क तुटलं तरी त्याची स्क्रीन दाखवणारी सोय, हातात घेऊनच बसायचं, आयपीएमआय असो, आयलो असो किंवा व्हर्च्युअल मशीनची कन्सोल विंडो असो. दोन्हीपैकी एकही सोय नसताना राउटिंगला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

आणि ही युक्ती फक्त तात्पुरत्या रूटलाच लागू पडते. चुकीचा रूट फाईलमध्ये लिहिलात तर रीबूट झाल्यावर तीच चूक परत लोड होणार. म्हणूनच आधी तात्पुरता.

आता रूट:

आयपी रूट ॲड १०.२०.०.०/१६ व्हाया १९२.१६८.१०.२५४ डेव्ह ईएनएस१९२

काहीच आउटपुट आलं नाही म्हणजे झालं. परत आयपी रूट गेट १०.२०.५.७ मारा, आता १९२.१६८.१०.२५४ आणि ईएनएस१९२ दिसायला हवं. मग पिंग, मग खरं ॲप्लिकेशन ब्रँचकडून कोणालातरी उघडायला सांगा.

इथे येणाऱ्या एरर ठरलेल्या आहेत. नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे असं आलं तर तुम्ही दिलेला गेटवे सर्व्हरच्या स्वतःच्या कुठल्याच सबनेटमध्ये नाहीये. गेटवे नेहमी थेट शेजारी असावा लागतो, दोन हॉप पलीकडच्या राउटरचा ॲड्रेस देऊन चालत नाही, आणि ही चूक सगळ्यात कॉमन आहे कारण लोकांना ब्रँचच्या राउटरचा ॲड्रेस माहिती असतो आणि ते तोच टाकतात. फाईल एक्झिस्ट्स आलं तर तो रूट आधीपासून आहे, बदलायचा असेल तर ॲडच्या जागी रिप्लेस लिहा. इनव्हॅलिड प्रीफिक्स आलं तर तुम्ही बहुतेक १०.२०.५.७/१६ असं लिहिलंय, तिथे मशीनचा नाही तर नेटवर्कचा ॲड्रेस हवा, १०.२०.०.०/१६. काढायचा असेल तर ॲडच्या जागी डेल लिहा, बाकी ओळ तीच.

तिसरं काम: या सर्व्हरचं नेटवर्क कोण सांभाळतंय ते ओळखा

हा भाग लोक वगळतात आणि मग चुकीच्या फाईलमध्ये लिहून ठेवतात. लिनक्समध्ये कायमचा रूट कुठे लिहायचा याचं एक उत्तर नाही, कारण कर्नल स्वतः काहीच लक्षात ठेवत नाही, बूट होताना कुठलातरी प्रोग्रॅम फाईल वाचून त्याला रूट सांगतो, आणि तो प्रोग्रॅम प्रत्येक डिस्ट्रोत वेगळा. उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅन, आणि त्याच्याखाली सिस्टमडी-नेटवर्कडी. रेड हॅट, रॉकी, अल्मावर नेटवर्कमॅनेजर. साध्या डेबियनवर इफअपडाऊन. सुसेच्या जुन्या घराण्यात विकेड आणि त्याची रूट्स नावाची वेगळी फाईल. हातात अनोळखी सर्व्हर आला तर हे मारून बघा:

सिस्टमसीटीएल इज-ॲक्टिव्ह नेटवर्कमॅनेजर सिस्टमडी-नेटवर्कडी

यात नेटवर्कमॅनेजर लिहिताना एन आणि एम कॅपिटल, बाकी छोटी. दोन्ही इनॲक्टिव्ह आले तर /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस फाईल आहे का बघा. आणि /ईटीसी/नेटप्लॅन फोल्डरमध्ये वायएएमएल फाईल दिसत असेल तर बाकी काही असो, सुरुवात तिथून करायची.

आरसी.लोकल फाईलमध्ये किंवा क्रॉनच्या रीबूट ओळीत कमांड टाकायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल, आणि खरंच रीबूटनंतर ते चालतं पण. पण नका करू. इंटरफेस कोणी डाऊन करून परत अप केला, नेटवर्क सर्व्हिस रीस्टार्ट झाली, की त्या इंटरफेसवरचे रूट जातात आणि आरसी.लोकल काही दुसऱ्यांदा चालत नाही, तो फक्त बूटच्या वेळी. मग रीबूट न होताच रूट गायब आणि शोधायला अजून अवघड. जो प्रोग्रॅम इंटरफेस वर आणतो त्यालाच रूट सांगून ठेवायचा, म्हणजे इंटरफेस जेव्हा जेव्हा वर येईल तेव्हा रूट सोबत येतो.

उबंटू सर्व्हर असेल तर

१८.०४ पासूनच्या सगळ्या एलटीएसमध्ये नेटप्लॅनच आहे. /ईटीसी/नेटप्लॅन मधली फाईल उघडा, उघडायच्या आधी तिची कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा, त्याच फोल्डरमध्ये डॉट वायएएमएल नावाने ठेवू नका कारण नेटप्लॅन त्या फोल्डरमधल्या अशा सगळ्या फाईल नावाच्या क्रमाने वाचून एकत्र करतं आणि तुमचा बॅकअपच कॉन्फिग होऊन बसतो. फाईलमध्ये ईएनएस१९२ खाली असं पाहिजे:

नेटवर्क:
  व्हर्जन: २
  ईथरनेट्स:
    ईएनएस१९२:
      ॲड्रेसेस:
        - १९२.१६८.१०.२५/२४
      रूट्स:
        - टू: १०.२०.०.०/१६
          व्हाया: १९२.१६८.१०.२५४

सगळं छोट्या लिपीत. अजून एक नेटवर्क असेल तर रूट्सखाली अजून एक टू आणि व्हायाची जोडी. वायएएमएलमध्ये टॅब चालत नाही, फक्त स्पेस, आणि कोणती ओळ किती आत आहे यावर अर्थ ठरतो, रूट्स शब्द चुकून ईथरनेट्सच्या पातळीवर आला तर एरर येणार. जुन्या फाईलमध्ये गेटवे४ नावाची ओळ दिसेल, ती आता जुनी झाली, नवीन नेटप्लॅन त्यावर वॉर्निंग देतं, तिच्या जागी रूट्समध्येच टू: डिफॉल्ट आणि व्हाया: गेटवे असं लिहायचं. आपल्या उदाहरणात ही डिफॉल्टची जोडी फक्त ईएनएस१६० खाली असेल. फाईलची परवानगी पण ६०० करा, नाहीतर नवीन व्हर्जन तक्रार करतं की परमिशन्स टू ओपन.

मग लगेच नेटप्लॅन अप्लाय मारू नका. हे मारा:

नेटप्लॅन ट्राय

ही फार विचार करून बनवलेली सोय आहे. नवीन कॉन्फिग लावते आणि १२० सेकंद थांबते, तेवढ्यात तुम्ही एंटर दाबलात तर पक्कं, नाही दाबलं तर आपोआप जुनं परत. एसएसएच तुटलं तर तुम्ही एंटर दाबूच शकत नाही, म्हणजे सर्व्हर स्वतःच स्वतःला सोडवतो. एंटर दाबायच्या आधी दुसरी एसएसएच विंडो नव्याने उघडून बघा, कारण चालू असलेलं कनेक्शन कधी कधी टिकून असतं आणि नवीन मात्र लागत नाही.

क्लाउडवरची मशीन असेल तर अजून एक खाचखळगा आहे. ५०-क्लाउड-इनिट.वायएएमएल अशी फाईल दिसली आणि वरती लिहिलंय की ही आपोआप बनते, तर त्यातले बदल उडू शकतात. आपला रूट वेगळ्या फाईलमध्ये लिहा, समजा ६०-ब्रँच-रूट.वायएएमएल, त्यात इंटरफेसचं नाव आणि फक्त रूट्स एवढंच असलं तरी चालतं, नेटप्लॅन दोन्ही फाईल एकत्र करतं. मला स्टॅटिक ॲड्रेसवाल्या सर्व्हरवरही हीच पद्धत बरी वाटते, रूट कुठे आहेत हे पुढच्या माणसाला फाईलच्या नावावरूनच कळतं.

रेड हॅट, रॉकी, अल्मा

इथे फाईलला हात न लावता एनएमसीएलआय कमांडने करा, चुका कमी होतात. आधी कनेक्शनचं नाव बघा:

एनएमसीएलआय कनेक्शन शो

कनेक्शनचं नाव आणि इंटरफेसचं नाव सारखंच असेल असं नाही, कधी ते वायर्ड कनेक्शन १ असं असतं, तेव्हा नाव कोटमध्ये टाका. मग:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय ईएनएस१९२ +आयपीव्ही४.रूट्स "१०.२०.०.०/१६ १९२.१६८.१०.२५४"

यातलं ते अधिकचं चिन्ह जपा. अधिक असेल तर जुन्या रूटमध्ये हा जमा होतो, अधिक विसरलात तर आधीचे सगळे रूट पुसून फक्त हा एक राहतो, आणि कमांड कसलीही एरर देत नाही. वजा चिन्ह लावलं तर तो एक रूट निघतो. सर्व्हरवर आधीच पाच-सहा रूट असतील तर मॉडिफायच्या आधी हे मारून यादी कॉपी करून ठेवा:

एनएमसीएलआय -एफ आयपीव्ही४.रूट्स कनेक्शन शो ईएनएस१९२

मॉडिफाय केल्यावर बदल फाईलमध्ये गेला पण चालू नेटवर्कला लागला नाही. तो लावायला एनएमसीएलआय डिव्हाइस रीअप्लाय ईएनएस१९२, याने इंटरफेस खाली न पाडता रूट लागतो. कनेक्शन अप कमांडनेही होतं पण त्यात कनेक्शन नव्याने ॲक्टिव्हेट होतं, चालू कामाला धक्का बसू शकतो, म्हणून मी रीअप्लायच सुचवेन.

ही माहिती /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टम-कनेक्शन्स मधल्या फाईलमध्ये साठते, उघडून बघितलीत तर आयपीव्ही४ च्या चौकटी कंसाखाली रूट१=१०.२०.०.०/१६,१९२.१६८.१०.२५४ अशी ओळ दिसेल. हाताने बदललीत तर एनएमसीएलआय कनेक्शन रीलोड करावं लागतं, आणि फाईल रूट युजरची, परवानगी ६०० नसेल तर नेटवर्कमॅनेजर ती सरळ दुर्लक्षित करतो.

नेटवर जे जुने लेख सापडतात त्यात /ईटीसी/सिसकॉन्फिग/नेटवर्क-स्क्रिप्ट्स मध्ये रूट-ईथ० नावाची फाईल बनवायला सांगतात. ते रेड हॅट ७ आणि सेंटओएस ७ च्या काळात बरोबर होतं. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, रेड हॅट ९ मध्ये नवीन कनेक्शन नव्या पद्धतीच्या फाईलमध्येच बनतात आणि १० मध्ये तर जुन्या पद्धतीच्या फाईल वाचल्याच जात नाहीत. तुमच्याकडे ९ वर जुन्या फाईल चालू असतील तर एनएमसीएलआय कनेक्शन मायग्रेट कमांड त्यांना नव्या रूपात आणते, अपग्रेडच्या आधी ते करून घ्या.

डेबियन, आणि नुसतं नेटवर्कडी

डेबियनवर /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस मध्ये ईएनएस१९२ च्या आयफेस ओळीखाली, ॲड्रेसच्या नंतर या दोन ओळी:

अप आयपी रूट ॲड १०.२०.०.०/१६ व्हाया १९२.१६८.१०.२५४ डेव्ह ईएनएस१९२
डाऊन आयपी रूट डेल १०.२०.०.०/१६ व्हाया १९२.१६८.१०.२५४ डेव्ह ईएनएस१९२

म्हणजे तुम्ही तात्पुरता टाकलेलाच रूट, पुढे अप शब्द. तपासलेली ओळ हिस्टरीतून जशीच्या तशी कॉपी करा.

नेटप्लॅन नसलेला सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मधल्या त्या इंटरफेसच्या डॉट नेटवर्क फाईलमध्ये शेवटी चौकटी कंसात रूट, त्याखाली डेस्टिनेशन=१०.२०.०.०/१६ आणि गेटवे=१९२.१६८.१०.२५४, पहिली अक्षरं कॅपिटल. मग नेटवर्कसीटीएल रीलोड. प्रत्येक रूटला वेगळा रूट विभाग लागतो, एकाच विभागात दोन नेटवर्क कोंबू नका.

डिफॉल्ट गेटवे एकच ठेवा

दोन इंटरफेसच्या सर्व्हरवर निम्मे घोळ या एका गोष्टीने होतात. दोन्ही इंटरफेसना गेटवे देऊन ठेवतात, वाटतं की ज्याच्या त्याच्या दारातून जाईल. तसं होत नाही. मेट्रिक लहान असेल तो एकच डिफॉल्ट सगळं नेतो, दुसरा नुसता बसून राहतो, आणि एखाद्या रीबूटनंतर क्रम बदलला तर सर्व्हरचं इंटरनेट आतल्या राउटरकडून जायला लागतं. इंटरनेटच्या बाजूला डिफॉल्ट, आतल्या बाजूला फक्त नावानिशी स्टॅटिक रूट, एवढंच ठेवा.

आतला इंटरफेस डीएचसीपीवर असेल, म्हणजे त्याला ॲड्रेस आपोआप मिळत असेल, तर तिकडून नको असलेला डिफॉल्ट येतो. नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या कनेक्शनला आयपीव्ही४.नेव्हर-डिफॉल्ट येस करा. नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी४-ओव्हरराइड्स खाली यूज-रूट्स: फॉल्स, पण याने डीएचसीपीकडून येणारे बाकीचे रूट पण बंद होतात, मग तेही हाताने लिहावे लागतात. आणि जर एकाच नेटवर्कमध्ये असे खूप सर्व्हर असतील आणि डीएचसीपी सर्व्हर तुमच्याच हातात असेल तर ऑप्शन १२१ ने तिथूनच सगळ्यांना स्टॅटिक रूट पाठवता येतात, प्रत्येक मशीनवर लिहायची गरजच नाही. फक्त ऑप्शन १२१ दिला की क्लायंट नेहमीचा राउटर ऑप्शन बघत नाही, म्हणून डिफॉल्ट हवा असेल तर तोही त्याच १२१ मध्ये द्यावा लागतो.

दोन वेगळ्या इंटरनेट कंपन्यांच्या लाईन एकाच सर्व्हरला असतील आणि ज्या लाईनने विनंती आली त्याच लाईनने उत्तर जायला हवं असेल तर मात्र स्टॅटिक रूट पुरत नाही, तिथे सोर्स ॲड्रेसवर चालणारे आयपी रूल आणि वेगळं टेबल लागतं. तो पुढचा विषय आहे, पण आपली गरज त्यातली आहे का हे आधी ओळखा, उगाच रूटवर रूट टाकत बसू नका.

रूट बरोबर दिसतोय तरी चालत नाही

आयपी रूट गेट बरोबर उत्तर देतंय आणि पिंग नाही, तर आता सर्व्हरवर हे लावा, याने इंटरफेसवरची येणारी-जाणारी पॅकेट दिसतात, आणि ब्रँचकडून पिंग करायला सांगा:

टीसीपीडम्प -एनआय ईएनएस१९२ आयसीएमपी

तीन शक्यता. विनंती येतच नाहीये, मग सर्व्हरचा काही दोष नाही, राउटर किंवा ब्रँचची बाजू बघा. विनंती येतेय आणि उत्तर पण बाहेर पडतंय पण ब्रँचला पोचत नाही, मग बहुधा परतीचा रस्ता, म्हणजे पलीकडच्या राउटरला १९२.१६८.१०.०/२४ कुठे आहे हे माहीत नाही किंवा मध्ये फायरवॉल आहे. रूट नेहमी दोन्ही बाजूंनी लागतो, एका बाजूला टाकून अर्धंच काम होतं, आणि दुसरी बाजू सहसा नेटवर्क टीमकडे असते, त्यांना हा टीसीपीडम्पचा आउटपुट दाखवलात तर वाद न होता पाच मिनिटांत काम होतं.

तिसरी शक्यता फसवी आहे, विनंती ईएनएस१९२ वर येताना दिसते आणि सर्व्हर उत्तरच देत नाही. फायरवॉल बघा, आणि तो ठीक असेल तर आरपी_फिल्टर. कर्नल तपासतं की ज्या ॲड्रेसकडून पॅकेट आलं त्याच्याकडे मी याच इंटरफेसने गेलो असतो का, नसेल तर गुपचूप फेकून देतं. टीसीपीडम्प त्या तपासणीच्या आधी पॅकेट बघतं म्हणून आपल्याला ते आलेलं दिसतं. सिससीटीएल या कर्नलच्या सेटिंग दाखवणाऱ्या कमांडमध्ये नेट.आयपीव्ही४.कॉन्फ.ऑल.आरपी_फिल्टर आणि त्या इंटरफेसचा आरपी_फिल्टर, या दोघांतला मोठा आकडा लागू होतो, १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल. खरं तर योग्य रूट टाकला की हा प्रश्न आपोआप सुटतो, त्यामुळे आरपी_फिल्टर ० करून मोकळं होण्याआधी रूट परत तपासा, ती सुरक्षेची सोय आहे. लॉग_मार्शन्स १ केलंत तर असं फेकलेलं पॅकेट कर्नल लॉगमध्ये नोंदलं जातं, खात्री करायला चांगलं.

आणि कंटेनर चालवणारा डॉकर. डॉकर स्वतःसाठी १७२.१७.०.०/१६ घेऊन बसतो, कंपोझने अजून नेटवर्क बनवली की १७२.१८ आणि पुढचे. तुमच्या कंपनीत एखादी शाखा किंवा व्हीपीएन १७२.१७ वर असेल तर त्या सर्व्हरवरून ती दिसणारच नाही कारण तो ॲड्रेस सर्व्हरला घरातलाच वाटतो. इथे स्टॅटिक रूटशी भांडू नका, /ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन मध्ये बीआयपी आणि डिफॉल्ट-ॲड्रेस-पूल्स बदलून डॉकरलाच दुसरीकडे हलवा.

शेवटचं काम: रीबूट

फाईलमध्ये लिहून झालं, लागू झालं, ब्रँचवाले म्हणाले चालतंय. तरी काम संपलेलं नाही, कारण आत्ता जो रूट चालतोय तो तुम्ही तात्पुरता टाकलेला आहे की फाईलमधून आलेला आहे हे पिंगवरून कळत नाही. आयपी रूट शो मध्ये त्या ओळीत प्रोटो स्टॅटिक असा शब्द दिसला तर तो बहुधा नेटप्लॅन किंवा नेटवर्कमॅनेजरने टाकलाय, हाताने टाकलेल्यात तो शब्द नसतो. डेबियनच्या अप ओळीने आलेल्यातही नसतो, त्यामुळे तिथे या खुणेवर जाऊ नका.

खरी परीक्षा रीबूटच. ठरलेल्या वेळेत, लोकांना सांगून, कन्सोल उघडी ठेवून रीबूट करा. आधीचं शटडाऊन रद्द केलं होतं ना ते एकदा बघा. वर आल्यावर आयपी रूट शो काढा आणि सुरुवातीला कॉपी करून ठेवलेल्या आउटपुटशी ताडून बघा, नवीन ओळ आली पाहिजे आणि जुनी एकही कमी झालेली नसावी. रीबूट अजिबात शक्य नसेल तर निदान फक्त ईएनएस१९२ खाली-वर करून बघा, तेही तुम्ही स्वतः त्या इंटरफेसवरून लॉगिन केलेलं नसेल तरच.

फाईलमध्ये रूटच्या वर एक कॉमेंट लिहा, कोणत्या ब्रँचसाठी, कधी टाकला आणि कोणाच्या सांगण्यावरून. नेटप्लॅनच्या आणि इंटरफेसेस फाईलमध्ये हॅश लावून कॉमेंट चालते. एनएमसीएलआयने केलं असेल तर फाईलमध्ये कॉमेंट टाकून उपयोग नाही, पुढच्या मॉडिफायला ती पुसली जाऊ शकते, त्या सर्व्हरच्या नोंदवहीत लिहा. पुढे कधी ती ब्रँच बंद झाली किंवा तिचं नेटवर्क बदललं, तर कोणता रूट बिनधास्त काढता येईल हे त्या एका ओळीवरूनच कळेल.